समुद्राची शीव

सावळाराम : न्हाय म्हंजी न्हाय, वकीलबाई. चहा प्या, पान खावा आन् आल्या पावली बारामतीला माघारी जावा. माजा झुंबर मेलाय, हे मी चावडीत जाऊन सांगनार न्हाय.

विजयमाला : चहा घेते, तात्या. माघारी मात्र जाणार नाही. चावडीत तलाठी येऊन बसलाय, चार पंच बसलेत, आणि सगळं तुमच्या एका शब्दापायी अडलंय. तुम्हीच भावकीचे मुख्य पंच.

सावळाराम : अडंना का. तलाठ्याला बसायचाच पगार हाय.

साखरबाई : वकीलताई, मामंजींस्नी सांगा, तलाठी बसंल. माजी वांगी बसायची न्हाईत.

सावळाराम : आता आतनं सूनबाईबी बोलायला लागली!

साखरबाई : उंबऱ्याच्या आतच हाय मी. रानाच्या कडंनं पाट वाहतोय, आन् माजी वांगी माना टाकत्यात. भावजींच्या उसाला पानी मिळतं, माज्या वाफ्याला न्हाय. का, तर रान ह्यांच्या नावावर, आन् हे हितं न्हाईत. जो न्हाय त्याला अर्ज करता येत न्हाय, आन् जी हाय तिचं नाव न्हाय.

सावळाराम : रावजी देतोय की पानी अधनंमधनं. सख्खा दीर हाय तुजा.

साखरबाई : देत्यात. त्यांच्या उसाचं पोट भरून उरलं की. तेवढं तर बांधावरच्या घाणेरीलाबी मिळतं.

विजयमाला : तात्या, हिचं मागणं लहान आहे. झुंबररावांची वाटणी त्यांनी गाव सोडायच्या आधीच झालेली. ते गेले अशी नोंद झाली की छप्पन सालच्या कायद्यानं ते रान बायकोच्या नावावर येतं. तलाठी म्हणतो, पंचांनी सांगितलं की वारस लावतो. आणि कालव्याच्या पाण्याचे अर्ज उद्या बंद होतायत.

सावळाराम : मग कोर्टात जावा की. तुमी वकील, तुमचं कोर्ट.

विजयमाला : कोर्ट म्हणतं, माणूस बेपत्ता असला तर सात वर्षं वाट बघा. झुंबररावांची बोट बुडून चारच झाली. आणखी तीन वर्षांनी रान हिच्या नावावर येऊन काय उपयोग? तोवर रावजीचा ऊस बांध ओलांडून हिच्या दारात येईल.

सावळाराम : माज्या पोराला चोर म्हनू नका.

विजयमाला : चोर नाही म्हणत. उसाला बांध दिसत नाही, एवढंच म्हणते. पण मरताना बघणारा साक्षीदार असला, तर सात वर्षं थांबायचं कारण नाही. तो साक्षीदार मी आणलाय. बाहेर लिंबाखाली बसलाय, सकाळपासून. दाऊद नाव त्याचं. झुंबररावांच्याच बोटीवरचा खलाशी.

सावळाराम : बगितला मी. कुठल्या गावचा?

विजयमाला : रत्नागिरीकडचा. आमच्या मंडळानं चार वर्षं शोधला त्याला. तो कायम दर्यावर. यंदा मुंबईच्या खलाश्यांच्या खाणावळीत अण्णांना सापडला, म्हणजे माझ्या वडलांना. पदरमोड करून, दौंडवरनं बारक्या आगगाडीनं आलाय बिचारा.

सावळाराम : तुमच्या त्या मंडळाचं नाव काय म्हनलात?

विजयमाला : लोकरूढी आणि सागरकायदा प्रसारक मंडळ.

सावळाराम : बारामतीत! चैत्रात कऱ्हेला म्हैस बसायपुरतं डबकं ऱ्हात न्हाय, आन् ह्यास्नी समुद्राचा कायदा पायजे.

विजयमाला : हसा. अख्खी बारामती हसते. अण्णा पेठेतनं निघाले की भाजीवालेसुद्धा विचारतात, काय सारंग, भरती कधी? पण अण्णा मुंबईच्या बंदरात कारकून होते, तात्या. बोट बुडाली की कोकणातल्या बायका रडत यायच्या. पण कुणाला विचारायचं, कुठं बसून राहायचं, त्यांना ठाऊक असायचं. देशावरच्या बायकांना बंदर कुठल्या दिशेला तेही माहीत नसायचं. म्हणून मंडळ इथं काढलं. समुद्र नाही, तिथंच त्याचा कायदा सांगायची गरज. आणि फी घेत नाही आम्ही कुणाची.

सावळाराम : ते सांगितलं मला गावात. फुकाट भांडता म्हने.

विजयमाला : फुकट आणि हौसेनं. आता सांगा, दाऊदचं ऐकायला तुमची हरकत काय? मुसलमान आहे म्हणून?

सावळाराम : छ्या! आमच्या पिराचा उरूस मीच करतो, पहिल्या गलफाची चादर माज्या घरची. तसलं काय न्हाय. आमचा रिवाज हाय. मानूस गावाभाईर मेला, तर ज्या शिवंत मेला तितल्या पंचांनी सांगायचं. आमच्या भावकीतला गेणबा कराडकडं गुळाच्या हंगामाला गेला, पटकीनं मेला. तितल्या पाटलानं आन् पंचांनी मानूस धाडला, तवा आमी दिवस घातले, तवाच वारस लागला. वाटंवरच्या कुनीबी यावं आन् म्हनावं अमका मेला, असं चालत न्हाय.

विजयमाला : रिवाज चांगला आहे.

सावळाराम : आँ?

विजयमाला : चांगला आहे म्हणते. जित्या माणसाला मेला म्हणून त्याचं रान खाणारे भामटे काय कमी आहेत? शिवेचा रिवाज त्यांच्यासाठीच आहे. आमच्या मंडळानं बारामती-इंदापूरच्या गावागावांतनं असे रिवाज लिहून घेतलेत. कोर्टातले साहेब हसतात, म्हणतात, हे कसले कायदे. त्यांच्याशीही भांडतो आम्ही. तेव्हा मी तुमचा रिवाज मोडायला नाही आले, तात्या. झुंबररावांना त्या रिवाजातच बसवायला आलेय.

सावळाराम : मग बसवा. समुद्राची शीव दावा मला. कुठल्या गावची, कोन पाटील, कोन पंच. न्हाय ना? शीव न्हाय तितं साक्ष न्हाय. साक्ष न्हाय तर मरान न्हाय. मिटलं.

साखरबाई : काय मिटलं, मामंजी? तुमचं मिटलं.

विजयमाला : थांब, साखरबाई. तात्या, समुद्राला शीव आहे. किनाऱ्यापासून काही मैल समुद्र त्या त्या देशाचा.

सावळाराम : किती मैल?

विजयमाला : तेच तर ठरत नाहीय. जिनिव्हा म्हणून परदेशात गाव आहे. तिथं सध्या साऱ्या मुलखांचे वकील समुद्राचा कायदा लिहायला बसलेत. आपलेही गेलेत. कुणी म्हणतं तीन मैल, कुणी सहा, कुणी बारा.

सावळाराम : म्हंजी बांधाचंच भांडान!

विजयमाला : बांधाचंच.

सावळाराम : आरं तिच्या मारी. एवढी शिकलेली मान्सं, गोरी मान्सं, आन् बांध कोरत्यात? मग आमच्या पणदरे गावानं काय घोडं मारलंय? बरं, आन् त्या मैलांच्या पलीकडं?

विजयमाला : पलीकडं समुद्र कुणाचाच नाही. सगळ्यांचा.

सावळाराम : गायरानागत.

विजयमाला : तसंच म्हणा.

सावळाराम : आन् माजा झुंबर कुठं गेला म्हनता? अलीकडं का पलीकडं?

विजयमाला : पलीकडं. एडन सोडून बोट बरीच पुढं गेली होती.

सावळाराम : झालं की मग! तुमच्याच तोंडानं बोललात. कुनाचंच न्हाय अशा जाग्याला साक्ष कोन देनार? वकीलबाई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या कायद्यातबी ह्याचं उत्तर न्हाय.

विजयमाला : आहे. पाणी कुणाचं नसलं तरी बोट कुणाची तरी असते. बोटीवर ज्या देशाचं निशाण, त्या देशाचा कायदा त्या बोटीवर. बोट कुठंही जाऊ दे, कायदा तिच्याबरोबर जातो.

सावळाराम : आता लाकडाच्या पेटीला शीव आली व्हय?

विजयमाला : लोखंडाची असते, तात्या. आपल्या अख्ख्या पणदऱ्याच्या गल्ल्या मावतील एवढी लांबरुंद. विचारा तुम्हाला काय विचारायचं ते. मला येईल ते मी सांगते, नाही आलं तर दाऊदला विचारून सांगते.

सावळाराम : बरं. तितं पाटील कोन?

विजयमाला : कप्तान.

सावळाराम : भांडान झालं तर निवाडा कोन देतं?

विजयमाला : कप्तानच. मारामारी केली तर तोच कोंडून घालतो.

सावळाराम : मेलं तर? माती कोन देतं?

विजयमाला : कप्तानच. सगळ्यांना गोळा करतो, टोप्या काढतात, देवाचं नाव घेतात आणि पाण्यात सोडतात. दाऊदनं बघितलंय.

सावळाराम : तितं लोहार-सुतार हायती?

विजयमाला : लोहार, सुतार, आचारी, न्हावीसुद्धा. आणि जाळावरचे आगवाले. झुंबरराव त्यांतले. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जाळ घालून त्यांचा हात तयार होता, म्हणून तर बंदरातनं थेट बोटीच्या भट्टीवर घेतलं त्यांना.

सावळाराम : त्यो जाळाला बसला की काहिलीखालचा जाळ कवा हलायचा न्हाय. गुळव्या म्हनायचा, झुंबर असला की गुळाचा रंग मी डोळं झाकून सांगतो. … आन् पानी?

विजयमाला : काय पाणी?

सावळाराम : प्यायचं. समुद्राचं खारं असतं म्हनत्यात.

विजयमाला : गोडं पाणी टाक्यांत भरून नेतात. मापून मिळतं. प्रत्येकाची पाळी असते. कुणी जास्त घेतलं तर सगळे त्याच्या अंगावर धावतात.

सावळाराम : पाळी असती?

विजयमाला : पाळी असते.

सावळाराम : आन् पाळी कोन लावतं? ज्याचा वशिला त्याला आदी?

विजयमाला : एक माणूस नेमलेला असतो त्यावर, आपल्या पाटकऱ्यासारखा. कप्तानाचा मेहुणा असला तरी त्याच्या पाळीलाच त्याला मिळणार.

सावळाराम : मग ते गाव हाय.

साखरबाई : काय म्हनला, मामंजी?

सावळाराम : गाव हाय म्हनलो. पान्याची पाळी लागली म्हंजी गाव झालं. पाटील, निवाडा, मढ्याला माती, ते लुटारूंच्या टोळीतबी असतं. पाळी फक्त गावात असती. पाळी पाळतं ते गाव, न्हाय पाळत तो बाजार.

विजयमाला : तात्या, हे मला मंडळाच्या कागदावर घ्यावं लागेल.

सावळाराम : घ्या. त्यात काय.

विजयमाला : म्हणजे बोट हे गाव. मग त्या गावचा गावकरी कोण? दाऊद. तो वाटंवरचा नाही. तिथलाच आहे. बोट बुडताना दोघं एकाच फळीला धरून होते. उजाडायच्या आधी झुंबररावांचा हात सुटला. दाऊदनं हाका मारल्या, उजाडल्यावर पाण्यावर नजर फिरवली. नव्हते. त्या गावातली जी चारदोन माणसं वाचली, त्यांतला हा एक. तुमच्या रिवाजाला याहून खरी साक्ष कुठली हवी?

सावळाराम : खरी हाय.

विजयमाला : मग उठा. चावडीत चला.

सावळाराम : न्हाय.

विजयमाला : आता काय राहिलं?

सावळाराम : रिवाजात बसलं, कायद्यात बसलं. तरीबी न्हाय. ऊन उतरलं की जावा तुमी.

विजयमाला : शेंडी तुटो की पारंबी तुटो, तात्या, आज मी ही नोंद झाल्याशिवाय पणदरं सोडत नाही. कारण सांगा मला. कारण नसलं तर तुम्ही फक्त रावजीच्या उसाला पाणी देताय, असं मी चावडीत उभी राहून सांगेन.

सावळाराम : सांगा. गावाला ठावं हाय मी कसा हाय ते.

(साखरबाई उंबरा ओलांडून ओसरीवर येते.)

साखरबाई : त्यांच्यावर उसाचा आळ घेऊ नका, वकीलताई. तेवढं खोटं हाय. आता तुमचा कायदा पुरं झाला. मी बोलते. मामंजी, बोट बुडाल्याची तार आली, तवा तुमी कुठं गेला हुता?

सावळाराम : बाजारला.

साखरबाई : बाजारला आठ दिस लागत न्हाईत. नरसिंगपूरला गेला हुता. संगमावर बसून हुता. माजं म्हायेर तितलं, माज्या भावानं बगितलं तुमाला. त्यानं घरी चला म्हनलं, तर गेला न्हाईत. नावाड्यांना म्हनत हुता, माजं पोरगं पान्यात गेलंय, वर आलं तर हाक मारा.

विजयमाला : संगमावर? तात्या, पण बोट तर...

सावळाराम : कळतंय, वकीलबाई. आता कळतंय. तवा कुठं ठावं हुतं एडन कुठं आन् काय? भीमंत गेलेलं, निरंत गेलेलं, समदं संगमाच्या डोहात वर येतं. ल्हानपनापास्नं बगतोय आमी. म्हनलं, पानी पान्याला मिळतंच की. म्हातारा नावाडी हुता तितं. त्यो म्हनला, आबा, पानी हितनं तिकडं जातंय, तिकडनं हिकडं येत न्हाय. बरोबर बोलला त्यो. तरी बसलो मी.

साखरबाई : मला सांगितलं का न्हाईत कवा?

सावळाराम : तुला काय सांगू? काय गावलं न्हाय, हे सांगू?

साखरबाई : मीबी वाट बगितली, मामंजी. मागल्या दाराची कडी वाजली की तव्यावरची भाकर करपायची. पन वाट बगनं तुमाला परवडतं, मला न्हाय. तुमी वाट बगितली तर लोक म्हनत्यात, बापाचं काळीज हाय. मी बगितली तर रान वाळतं. उद्या तुमी न्हाईत, तर ह्या घरात मला कोन ईचारनार? पोर न्हाय, बाळ न्हाय. भावजी म्हनतील, जा म्हायेराला.

सावळाराम : मी हाय तवर कुनी म्हननार न्हाय.

साखरबाई : तुमी हाय तवर. तेच म्हनते मी.

सावळाराम : पोरी, मी व्हय म्हनलो तर कुकू पुसावं लागंल तुला. आज. त्या चावडीतनं आलो की लगेच.

साखरबाई : पुसंन. रडंन, मोप रडंन, मला आडवू नका. आन् सकाळी उठून रानात जाईन. दाऊदभावजींनी मला सगळं सांगितलंय, उभ्यानं ऐकलं मी. ते ऐकल्यावर कपाळावर हे ठेवायचं म्हंजी मी देवाला न्हाय, मलाच फसवायचं.

विजयमाला : तात्या, तुम्ही काही बोला.

सावळाराम : काय बोलू? आईनं त्याला जलम दिला, ती तवाच गेली. मीच वाढवला त्याला, खांद्यावर घिऊन पाटाच्या कडंनं हिंडायचो. मुंबईला जातो म्हनला, तवा व्हय म्हनलो. बोटीवर जातो असं त्यानं कळवलं, तवाबी व्हय म्हनलो. आता तिसऱ्यांदा व्हय म्हनायचं आन् मारून टाकायचं? मी न्हाय म्हनलो तर कुठंतरी असंल तरी. वाळूत, बेटावर, तुरुंगात. कुठंबी.

साखरबाई : त्यांना समुद्रानं नेलं. तुमी न्हाय. तुमी न्हाय म्हनलात तरी ते गेलेत, आन् व्हय म्हनलात तरी ते गेलेत. फरक माज्या रानाला पडनार हाय.

सावळाराम : लई तिखट झालीस तू.

साखरबाई : पान्यावाचून मिरचीबी जास्त तिखट हुती, मामंजी. मी तर मानूस हाय.

सावळाराम : … वकीलबाई, पंचांनी इचारलं, कुठल्या शिवंत मेला, तर काय सांगू? हसतील मला.

विजयमाला : बोटीच्या शिवेत म्हणा. हसले तर पाण्याच्या पाळीचं सांगा. इथल्या माणसाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहते.

सावळाराम : शेजारी नगं. म्हागं उभ्या ऱ्हावा. बोलायचं ते मीच बोलतो. साखरबाई, तूबी चल.

साखरबाई : चावडीत? पंचांपुढं बाई येत न्हाय.

सावळाराम : वारस कोन हाय? तू. मग तुला बगितल्याबिगर नाव कसं लागंल? पंचांनी तोंड वाकडं केलं तर मी मुख्य पंच हाय, तोंड सरळ करीन. तितनं तसाच पाटकऱ्याकडं जातो. उन्हाळी पाळी तुज्या नावावर. आन् ऱ्हायला रावजी. रावजीला म्हनावं, बापाला येऊन बोल. तुला एक शबूद बोलायचा न्हाय.

साखरबाई : मी बोलंन त्यांच्याशी. माजं रान, माजं भांडान.

सावळाराम : बरं. तुजं भांडान. पटका कुठाय माजा? … आन् वकीलबाई, त्या दाऊदला जरा आत बोलवा.

विजयमाला : साक्ष चावडीत द्यायचीय त्याला, तात्या. ते सगळं दोनदा सांगायला लावू नका.

सावळाराम : साक्ष न्हाय ओ. मरनाचं त्यो चावडीत सांगंल, मी ऐकंन समद्यांबरूबर. मला दुसरंच इचारायचंय.

साखरबाई : काय इचारनार?

सावळाराम : तितं पोरगं पोटभर जेवत हुतं का.